दाताखालचा खडा

लखनौच्या अलीगंजमधल्या त्या घराचं फाटक मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा घरमालक अंगणात उकिडवे बसून दगड खात होते.

खात होते म्हणजे गिळत नव्हते. नखाएवढी कपची पुढच्या दातांत धरून, डोळे मिटून, हनुवटी हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत होते. गवयाला मनासारखा षड्ज लागला की चेहरा जसा होतो, तसा चेहरा. मी नमस्कार केला. त्यांनी डोळे न उघडता एक बोट वर केलं. मी दोन्ही हातांत बॅगा धरून थांबलो. मग त्यांनी तोंडातला ऐवज जास्वंदीच्या मुळाशी थुंकला, बाहीनं ओठ पुसले आणि म्हणाले, "सिल्ट."

मला वाटलं ही इकडची शिवी असावी.

"तू तो बँकेवाला ना? काहून उभा राहिला बाप्पा, ये ना. वरची खोली तुझी. काकू आत आहे, तिच्याकडून चावी घे."

ही २००४ सालची गोष्ट. पुढची चार वर्षं मी त्या वरच्या खोलीत काढली आणि त्या मुदतीत खालच्या अंगणात सिल्टशिवाय इतर पुष्कळ गोष्टी थुंकल्या गेलेल्या पाहिल्या.

काका मूळचे वरोऱ्याचे, चंद्रपूर जिल्ह्यातले. नागपुरात भूशास्त्र शिकले, सरकारी खात्यात चौतीस वर्षं दगड फोडले ("जन्मठेप नव्हे बे, नोकरी," हे ते स्वतःच सांगत), शेवटची बदली लखनौला झाली आणि निवृत्त झाल्यावर इथंच राहिले. का राहिले, हे कोडं मला सुटायला वेळ लागला. कारण लखनौमध्ये दगड नाही.

हे मी गमतीनं म्हणत नाही. गंगेनं आणि तिच्या लेकीसुनांनी हिमालयातून आणून टाकलेला गाळ इथं शेकडो मीटर जाड साचलाय. खाली खडक आहे, पण त्याची भेट घ्यायची तर बोअरच मारावी लागते. आपण होऊन सापडणारा दगड म्हणायचा तर कंकर, जुन्या गाळात आपोआप जमलेल्या चुन्याच्या वेड्यावाकड्या गाठी. नवाब आसफउद्दौलानं १७८४ साली बडा इमामबाडा बांधायला काढला तो लखौरी नावाच्या पातळ विटा आणि चुना घेऊन. आपल्याकडे दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात. लखनौत तुलनेला दगडच हजर नव्हता, म्हणून मग त्यांनी विटेलाच नखरे शिकवले. अशा गावात दगडाच्या माणसानं घर बांधणं म्हणजे नावाड्यानं सोलापुरात येऊन राहणं.

मोहल्ला त्यांना 'पत्थर साहब' म्हणायचा. भाजीवाल्याला बटाट्याच्या पोत्यात खडा मिळाला तर तो टाकून न देता पत्थर साहबांसाठी तराजूच्या कडेला ठेवून द्यायचा. काकू तांदूळ निवडायला बसल्या की काका शेजारी वाटी घेऊन बसत. तांदूळ काकूंचे, खडे काकांचे. इतक्या वर्षांच्या संसारात वाटणीवरून वाद झाला नाही असा हा एकच व्यवहार, असं काकू सांगत.

माझी परीक्षा पहिल्याच रविवारी झाली. काकांनी ओट्यावर वर्तमानपत्र पसरून सात तुकडे ओळीनं मांडले. सहा करडे, सातवा काळा. सगळे अंगठ्याएवढे. करडे सहाही जण एकाच शाळेच्या गणवेशात.

"सांग."

मी सातारचा. आमच्याकडे दगड एकच, काळा. त्याचे किल्ले होतात, पाटे-वरवंटे होतात, मारुती होतात. त्याला कोणी नाव विचारत नाही. मी सहाही करडे तुकडे उलटेसुलटे करून पाहिले आणि प्रामाणिकपणे म्हणालो, "सगळे एकच दिसतात काका."

स्वयंपाकघरात काकूंच्या हातातलं लाटणं थांबलं. मला नंतर कळलं, की या घरात दोन वाक्यं बोलायची नसतात. एक म्हणजे 'दोन्ही एकच.' दुसरं, 'काय फरक पडतो?'

"तुमच्याकडे काय," काका शांतपणे म्हणाले, "सगळा काळा फत्तर. तुम्हाला भेद कळेल कुठून? तुमचा दोष नाही. लाव्ह्याचा आहे."

मग ते शिकवायला बसले. खडूफळ्यानं कुणीही शिकवतो. काकांनी शिकवलं काकूंच्या डब्यांवर. वाळूचा दगड, वालुकाश्म, तो आंधळ्यालाही ओळखता येतो, हात फिरवला की खरखरतो. खरी मजा त्याच्याहून बारीक दाण्यांत. १९२२ साली वेंटवर्थ नावाच्या अमेरिकन माणसानं हद्दी आखून दिल्या: कण मिलिमीटरच्या १/१६ हून बारीक झाला की त्याला वाळू म्हणायचं नाही, सिल्ट म्हणायचं. १/२५६ हूनही बारीक झाला की क्ले, चिकणमाती. "रवा, कणीक, मैदा," आतून काकू म्हणाल्या. एवढ्यावर विषय संपायला हरकत नव्हती. पण पिठाला चाळण लावता येते, घट्ट झालेल्या दगडाला लावता येत नाही. दहा पट दाखवणाऱ्या भिंगाखाली सिल्टचे कण जेमतेम चमकतात, क्ले तिथंही ताकास तूर लागू देत नाही. उरला दात. सिल्ट कितीही बारीक असो, दाताखाली कचकचते. क्ले लोण्यासारखी सरकते, आणि कोरडी असली तर जिभेला चिकटून बसते. ही कसोटी पाठ्यपुस्तकातही दिलेली आहे. फक्त पुस्तकं लिहिणारे विद्यार्थ्याला एकदा चाखून पाहा म्हणतात. काका घास मोजत नव्हते.

"सरकारनं यांना माती खायचा पगार दिला," काकू म्हणायच्या. "बाकीच्या खात्यांतले लोक पगार घेऊन माती खातात ते वेगळं."

तर पहिला तुकडा सिल्टस्टोन. दुसरा आणि तिसरा मात्र दाताला अगदी सारखे लागले. मी आता शहाणा झालो होतो, 'एकच' म्हणालो नाही. नुसताच ओठ चावत बसलो.

"चिखल एकच आहे," काका स्वतःच म्हणाले. मला धक्का बसला. "पण हा बघ." त्यांनी दुसऱ्या तुकड्याच्या कडेला सुरीचं टोक लावलं आणि चिरोट्याचा पदर सुटावा तसा पापुद्रा सुटला. "हा शेल. आणि हा," तिसऱ्या तुकड्याला सुरी लावली, तो ढेकळासारखा मधोमध दुभंगला, "हा मडस्टोन. मराठी कोशवाले पंकाश्म म्हणतात. हा चिरोटा, ही वडी. पीठ तेच."

आणि मग ते जे बोलले त्याकरता मी त्यांचे पुढचे सगळे दगड माफ केले. "भूप गातोस ना सकाळी न्हाणीघरात? भूप नाही गात. संध्याकाळचा राग सकाळी काहून गाशील? पण तू देसकारही गात नाहीस, कारण तुझा मुक्काम गांधारावर असतो. सा रे ग प ध, स्वर तेच पाच. भूपात गांधाराला मान, देसकारात धैवताला. मैफलीत कोणी म्हणून दाखवावं, की दोन्ही एकच. तिथं तुम्ही लोक मान डोलावता, आणि शेल-मडस्टोनला हसता."

लखनौत हे ऐकताना अंगावर काटा येतो, कारण याच गावात १९२६ साली भातखंड्यांनी संगीताचं कॉलेज काढलं. ज्यांनी सगळ्या रागांची दहा थाटांत मांडामांड केली, ते भातखंडे. मुंबईच्या एका वकिलानं हिंदुस्थानभर हिंडून उस्तादांच्या दारात बसून सारख्या दिसणाऱ्या रागांमधले फरक टिपावेत आणि ते शिकवायला लखनौला यावं, हे जर शहाणपण, तर अलीगंजच्या अंगणात दगड चघळणं वेडेपण का, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. काकूंकडे होतं. "भातखंडे थुंकत नव्हते," त्या म्हणाल्या.

चौथा तुकडा वाजवायचा. शेल जमिनीत खोल दाबला गेला, भाजला गेला, की त्याची स्लेट होते, आपल्या लहानपणची दगडी पाटी. शेलवर टिचकी मारली तर ठप्प वाजतो, पाटी टण्ण म्हणते. ही कसोटी शिकल्यापासून काकांना घरातली प्रत्येक वस्तू ठोकून पाहायची सवय होती. माठ, कलिंगड, माझ्या खोलीचं दार. एकदा बोलता बोलता त्यांनी माझ्या कपाळावर टिचकी मारली आणि काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

पाचवा चर्ट, गारगोटीच्या जातीचा. त्याच्यावर सुरी घासली तर दगडावर ओरखडा नाही, उलट सुरीचंच लोखंड त्याच्यावर उमटतं. सहावा बारीक दाण्याचा चुनखडक, त्याला आम्ल लागतं. आणि इथून शोकांतिकेला सुरुवात होते.

काकांच्या सदऱ्याच्या डाव्या खिशात दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाची ड्रॉपरवाली बाटली कायम असे. एक थेंब टाकला की चुनखडक फसफसतो. डोलोमाइट एवढ्यानं ऐकत नाही, त्याला आधी खरवडून भुकटी करावी लागते. बाटलीचं बूच सैल होतं की काकांचं लक्ष, ते सांगता येणार नाही, पण त्यांच्या यच्चयावत सदऱ्यांना डाव्या बाजूला, हृदयाच्या बरोबर वर, भोकं होती. एकदा चिकनचा नवाकोरा कुडता घातला तेव्हा चौकातल्या दुकानदारानं कौतुकानं विचारलं होतं, "जाली का काम किससे करवाया, साहब?"

ओट्याचा दगड बदलायचा ठरला तेव्हा काकूंनी हट्ट धरला कडप्प्याचा. माहेरी कडप्पा होता, तसा काळाभोर. मराठी बाईच्या मनात ओटा म्हणजे कडप्पा आणि फरशी म्हणजे शहाबादी, बाकी सगळे पाहुणे. काका म्हणाले कडप्पा म्हणजे काळा चुनखडक, शहाबादीही चुनखडकच, आणि इथं बाजारात मिळणारा कोटाही चुनखडकच. आंध्र, कर्नाटक आणि राजस्थान अशा तीन ठिकाणचे तीन सावत्र भाऊ. लिंबाचा रस सांडला की तिघांनाही फोड येतात.

दुकानदारानं एक काळी लादी दाखवली. "कडप्पा है साहब, असली." काकांनी खिशात हात घातला. मी डोळे मिटले. थेंब पडला. काही झालं नाही. काकांनी लादी खरवडली, पुन्हा थेंब. काही नाही. मग टिचकी मारली. टण्ण.

"ये कडप्पा नहीं है," काका विजयानं म्हणाले. "ये स्लेट है."

दुकानदार लखनौचा. चिडला नाही. "हुज़ूर, फ़र्श पर तेज़ाब कौन गिराता है?"

"औरतें नींबू निचोडती हैं."

"तो फिर ये तो अच्छा हुआ ना साहब. इस पर नींबू का दाग़ नहीं लगेगा."

हे खरं होतं. काका गप्प झाले. काकूंनी लादीवरून हात फिरवला, त्यांना ती आवडली होती. पण काका अडून बसले: वस्तू चांगली असेल, नाव खोटं आहे. त्यांचं भांडण दगडाशी नव्हतं, नावाशी होतं. कडप्पा म्हणून स्लेट विकत घेणार नाही, आणि हा माणूस जर तोंडानं 'स्लेट' म्हणाला तर दुप्पट पैसे देईन, असं ते भर दुकानात म्हणाले. दुकानदारानं काकूंकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि हात जोडून म्हणाला, "साहब, ऐसा करते हैं. नाम आप रख लीजिए, पत्थर बहनजी को दे दीजिए."

तो ओटा अजून त्या घरात आहे. काकू त्याला कडप्पा म्हणतात. तेवढ्यापुरते काका बाहेर जाऊन बसतात.

अशी माणसं फक्त दगडांतच असतात असं नाही. आमच्या बँकेत एक हेडकॅशियर होते, नोट हातात न घेता नुसत्या आवाजावरून कोरी की वापरलेली सांगायचे. आईच्या ओळखीतल्या एक बाई कुठल्या घरचं मेतकूट आहे ते बोटाच्या टोकावर घेऊन सांगत. पण ही मंडळी आपली विद्या कामापुरती काढतात आणि परत डब्यात ठेवतात. काकांच्या जातीचा माणूस डबा उघडाच ठेवून हिंडतो. काकूंना पाहायला गेले तेव्हा पोह्यांची बशी समोर आली. मुलाकडच्या मंडळींनी मुलीला काहीतरी विचार म्हणून खुणा केल्या. काकांनी एक घास खाऊन, डोळे मिटून, हनुवटी फिरवून विचारलं, "पोहे पातळ आहेत की जाड?"

काकूंनी बशीकडे न पाहता त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दगडी."

लग्न तिथंच ठरलं. दगडी पोहे ही चिवड्याला लागणारी पोह्यांची जात आहे, हे काकांना साखरपुड्यानंतर कळलं.

लखनौत ते का राहिले, याचा पहिला सुगावा मला चौकात कबाबच्या दुकानासमोर लागला. घरात हे चालत नसे, त्यामुळं महिन्यातून एकदा आम्ही दोघं 'बँकेच्या कामाला' जात असू. काकांनी गलौटी तोंडात ठेवला, डोळे मिटले. "क्ले. शुद्ध क्ले. एक कण लागत नाही." कुण्या दात पडलेल्या नवाबासाठी हा कबाब शोधला असं सांगतात. काकांचं म्हणणं, दात नसलेल्या माणसाला त्याची थोरवी कळणार कशी? दात असून दाताला काही लागू नये, ही खरी परीक्षा. मग शमी. "यात डाळ आहे. सिल्टी." शिगेवरचा काकोरी आला त्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "अरे, या गावात तीन कबाबांची तीन नावं आहेत. आपल्याकडे एकाच पदार्थाचं नाव असतं, 'मटण'."

त्यांना या गावाचं हे आवडायचं. चिकनच्या टाक्यांत मुर्री आणि फंदा या दोन गाठी आहेत, एक तांदळाच्या दाण्यासारखी, दुसरी बाजरीच्या. काकूंसाठी साडी घेताना काका दुकानात भिंग लावून मुर्री आणि फंदा वेगळे करत बसले आणि दुकानदारानं वैतागायच्या ऐवजी चहा मागवला, आपल्या वडिलांना आतून बोलावलं, "अब्बा, देखिए, कोई पहचानने वाला आया है." पुण्यात असा माणूस साडी उलटीपालटी करतो तेव्हा दुकान बंद व्हायची वेळ होते.

मात्र याच लखनौनं त्यांचा एकदा पराभवही केला होता, आणि ती गोष्ट ते स्वतः रंगवून सांगत. नोकरीची सुरुवातीची वर्षं. तेव्हाचा मिर्झापूर जिल्हा, आताचा सोनभद्र. सोन नदीच्या खोऱ्यात विंध्य खडकांचे थर उघडे पडलेत, त्यात चुनखडक, शेल, वालुकाश्म यांची उतरंड. सोबत एक सहकारी होता, जन्म चौकातला, घराणं चार पिढ्यांचं, बोलण्यात साखर. एका ओढ्याच्या कातळात फिकट हिरवट, गुळगुळीत, चिनी मातीच्या बशीसारखा दिसणारा थर लागला. सहकारी म्हणाला चर्ट असावा. काका म्हणाले सिल्टस्टोन आहे, सिलिका मुरलेला. दाताचा निकाल घ्यायचा ठरला. कपची एकच निघाली होती. काकांनी ती पुढं केली. सहकारी दोन पावलं मागं सरला, छातीवर हात ठेवला: "पहले आप."

काकांनी म्हटलं, तुम्ही सीनियर. "अजी, आप मेहमान हैं हमारे सूबे के." काकांनी म्हटलं, माझी जीभ आज तंबाखूनं मेलेली आहे. "तो हमारी भी पान से." दोन तरुण भूशास्त्रज्ञ भर उन्हात एक दगड एकमेकांच्या तोंडाकडे नेत उभे. जीपचा ड्रायव्हर लांबून पाहत होता. शेवटी तो आला, साहबांच्या हातून हातोडा घेतला, कपचीचे दोन तुकडे केले आणि एकेकाच्या तळहातावर ठेवून म्हणाला, "लीजिए. अब दोनों जने एक साथ."

दोघं एकदमच चावले आणि दोघंही एकदमच चुकले. तो थर पोर्सलनाइटचा होता: ज्वालामुखीची राख पाण्यात पडून सिलिकानं घट्ट झालेली. चर्टही नव्हे, सिल्टही नव्हे. "तोंडात ज्वालामुखी आणि मी म्हणून राहिलो चिखल," काका म्हणत. २००२ साली याच थरातल्या झिरकॉनच्या कणांवरून त्याचं वय निघालं, सुमारे १६३ कोटी वर्षं, त्यावेळी काकांनी त्या सहकाऱ्याला पत्र लिहिलं. उत्तरात एका ओळीत अभिनंदन होतं, पुढच्या ओळीत चौकशी: दात कैसे हैं?

दात कसे होते ते दातांच्या डॉक्टरला विचारावं. त्यांनी काकांच्या तोंडात आरसा घातला आणि बराच वेळ तसेच राहिले. सुपारी? नाही. तंबाखू? सोडली. रात्री दात खाता? काकूंनी सांगितलं, "दात नाही, दगड." डॉक्टरांनी फाइलवर काय लिहिलं ते आम्हाला दिसलं नाही, पण पुढच्या वेळी गेलो तेव्हा ते घरातला एक खडा कागदात गुंडाळून घेऊन बसले होते.

घरी पाहुणे आले की काका त्यांना इमामबाड्याला नेत नसत. आधी युनिव्हर्सिटी रोडवर बिरबल साहनी पुरावनस्पतिविज्ञान संस्थेत. आत जायचं ते एका दगडासाठी: संस्थेची कोनशिला. देशोदेशीचे जीवाश्म बसवून साहनींनी ती स्वतः घडवून घेतली. ३ एप्रिल १९४९ रोजी नेहरूंच्या हस्ते ती बसली, आणि पुढच्याच आठवड्यात साहनी गेले. त्यांच्या पत्नी सावित्री साहनींनी मग संस्था उभी केली. हे सांगताना काकांचा आवाज खाली येई. साहनींनी नागपूरकडच्या दगडांतली झाडं शोधली होती, लाव्ह्याच्या दोन थरांच्या मध्ये सापडलेल्या तळ्यांच्या चिखलातली. आम्हा सातारकरांना लाव्हा दिसतो, म्हणजे पोळी. काका म्हणत, बाबा रे, पुरण त्याच्या मध्ये आहे.

याच संस्थेनं २००५ साली काकांना वेड लावलं. एक दिवस ते हातात कागद घेऊन जिना चढून वर आले. गुडघ्यांमुळं एरवी चढत नसत. 'सायन्स' या मासिकात वंदना प्रसाद आणि त्यांच्या सोबत्यांचा लेख आला होता. डायनोसॉरच्या दगड झालेल्या शेणात त्यांना गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले. डायनोसॉरांच्या काळात गवत एवढं रुजलं होतं असं तोवर कोणी मानत नव्हतं. आणि शेण कुठलं? पिसदुऱ्याचं. वरोऱ्याजवळचं पिसदुरा!

"आमच्या तालुक्यातलं शेण," काका थरथरत्या आवाजात म्हणाले, "लखनौत येऊन जगप्रसिद्ध झालं. मी इतकी वर्षं येऊन राहिलो, मला अजून दूधवाला ओळखत नाही."

त्या रात्री त्यांनी जेवताना सगळं सांगितलं. गवताच्या पानातले ते कण म्हणजे मापानं सिल्टच. गाईचे दात झिजतात ते त्यानंच. म्हणजे त्या साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीच्या जनावरालाही दाताखाली कचकच लागली असणार. ही कल्पना त्यांना फार जवळची वाटत होती. लहानपणी मामाच्या शेताकडे तांबड्या मातीत असले गोळे वेचून त्यांनी गोट्या खेळल्या होत्या, हेही त्यांनी सांगितलं. मी सहज विचारलं, "काका, तुम्ही तो चाखला होता?"

काका वरणात भात कालवत राहिले.

"सातवीत होतो," ते म्हणाले.

काकूंनी ताट सरकवलं आणि इतकंच म्हणाल्या, "तरीच."

सातवा तुकडा राहिला. त्या पहिल्या रविवारी ओट्यावर मांडलेला सातवा, काळा, गुळगुळीत, गोल. तो काकांनी मला हातात घेऊ दिला नव्हता. मांडला आणि काकूंची चाहूल लागताच उचलून देव्हाऱ्यात नेऊन ठेवला होता. तो काकूंच्या माहेरचा शाळिग्राम होता, नेपाळात काळी गंडकीच्या पात्रातला. आत चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्रप्राण्याचा शंख, हे काका कुणालाही सांगत, काकूंनाही सांगितलं होतं, आणि विष्णूनं शंख घेऊ नये असा काही नियम आहे का, असं काकूंनी विचारल्यावर गप्प बसले होते. प्रश्न वेगळाच होता. काळ्या शेलमधली ती गाठ आतून चुन्याची की सिलिकाची? एक थेंब आम्ल पुरला असता. एक कपची. लग्नाला तीस-पस्तीस वर्षं झाली, देव्हारा हाताच्या अंतरावर, आणि काकांना उत्तर माहीत नव्हतं. काकू म्हणत, "एकच थेंब मिळेल. तीर्थाचा."

माझी परत बदली झाली त्या वर्षीचं तुळशीचं लग्न. अंगणात जास्वंदीशेजारी वृंदावन, ऊस, चिंचा-आवळे, शेजारच्या दोन घरच्या बायका कौतुकानं पाहताहेत. शाळिग्राम नवरदेव. काकूंनी त्याला ताम्हनात ठेवून सावकाश पाण्यानं न्हाऊ घातलं, पुसलं, पाटावर बसवलं. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. मग काकूंनी त्या न्हाणाचं तीर्थ पळीनं एकेकाच्या हातावर घातलं. मी घेतलं, डोक्याला हात पुसला. काकांनी घेतलं.

आणि त्यांनी डोळे मिटले. हनुवटी हळूहळू डावीकडे गेली, उजवीकडे आली. शेजारच्या बाई काहीतरी विचारायला लागल्या तेव्हा त्यांनी एक बोट वर केलं. सगळे थांबले. काकूंची पळी हवेत थांबली. कोपऱ्यात निरांजन फडफडत होतं, बाहेर रिक्षावाल्याचा रेडिओ चालू होता. मी जास्वंदीच्या मुळाकडे पाहिलं.

काका थुंकले नाहीत. चार वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना गिळताना पाहिलं.

"काय?" मी हळूच विचारलं.

"सांगता येत नाही," त्यांनी हात पुढं केला. "आणखी एक पळी लागेल."

काकूंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, आणि दोन घातल्या.